आम्ही आधीच लीन

आर्णीत ‘लीन’चे प्रशिक्षण असल्याचा फलक लागला आणि आमचे शेजारचे काका टाळ काखोटीला मारून निघाले. लीन व्हायचे ते देवापुढे, नाहीतर सावकारापुढे, एवढेच त्यांना ठाऊक. सभागृहात शिरल्यावर कळले, इथे कारखान्यापुढे लीन व्हायचे आहे.

सरकारने मार्च २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी लीन, म्हणजे नासाडी टाळून उत्पादन करण्याची, योजना नव्याने आणली. सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राचा, उरलेला उद्योजकाचा. उद्योग मात्र शंभर टक्के स्वतःचा आणायचा!

दहाचे उद्घाटन साडेबाराला झाले. मग प्रशिक्षकांनी टोयोटाच्या ताइची ओहनोंची सात प्रकारची नासाडी सांगितली. जपानीत तिला ‘मुदा’ म्हणतात. वाट पाहणे, विनाकारण वाहतूक, पडून राहिलेला साठा, गरजेपेक्षा जास्त उत्पादन, उगाच हालचाल, नको ती प्रक्रिया आणि सदोष माल. प्रत्येकाला दोन फायली, तीन पेनं आणि न उघडणारी एक बाटली मिळाली. मुदे सगळे हजर होते, मुद्दा तेवढा यायचा होता.

दुपारी प्रात्यक्षिक. चार गटांनी कागदाची विमाने करायची. ज्या गावाला रेल्वे नाही, तिथे विमाने उडाली. टाळ्या झाल्या.

‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट’चे सत्र आले, तेव्हा मागच्या रांगेतला वेल्डिंगवाला उठला. “सर, जुन्या सायकलच्या चाकाचा कोळपणीचा डवरा बनवतो मी. मागच्या साली एक बाई म्हणे, मूठ लय उंच हाये, खांदा दुखते. दुसऱ्या दिवशी कापून देल्ली. पास बी थोडी वाकवली.”

प्रशिक्षक हरखले. “वा! ग्राहकाचा अभिप्राय, नमुना, सुधारणा! पण डॉक्युमेंटेशन?”

“खांदा दुखत नाही म्हणे आता,” तो म्हणाला. तेवढेच डॉक्युमेंटेशन.

मग काकांनी टाळ बाजूला ठेवले. “साहेब, वाट पाहणं मुदा असन, तर खरेदी केंद्रापुढं आमची कापसाची गाडी तीन दिस उभी रायली, तो कोनाचा मुदा?”

“तो तुमच्या प्रक्रियेबाहेरचा घटक आहे.”

“बाहेरचा कसा? गाडीखाली मीच झोपलो ना, बापा!”

वाहतुकीचा मुदा तर विचारूच नका. इथला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी दूरच्या गिरण्यांकडे निघतात आणि शर्ट होऊन आमच्याच बाजारात परततात. याच तालुक्यातल्या दाभडीत २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींनी याच कापूसवाल्या शेतकऱ्यांशी चहावर चर्चा केली होती. चहा कधीचाच संपला, गाठींचा प्रवास संपला नाही.

काटकसर आम्हाला शिकवू नका. पऱ्हाटी चुलीत, सरकीची ढेप बैलाला, जुनी सायकल शेतात; इथे वाया जाते ती फक्त माणसाची वाट पाहण्यातली रात्र. तिच्यासाठी फाईल नाही.

ओहनो म्हणे शिकाऊ माणसाला कारखान्यातच जमिनीवर खडूचे वर्तुळ आखून त्यात तासन् तास उभे करीत: बघ, नासाडी कुठे होते ते. हे मात्र आम्हाला पटले. तेव्हा पुढचे प्रशिक्षण सभागृहात नको. खरेदी केंद्राच्या फाटकासमोर वर्तुळ आखू, त्यात साहेबांना उभे करू. रांग सरकेपर्यंत बाहेर यायचे नाही. चहा आमच्याकडून, आणि वेळेवर.