संन्याशाला सुळी, तीही फोर-केमध्ये

नवा कॉम्प्युटर जुन्यापेक्षा जास्त कामाचा असतो, असं मानणारी भाबडी माणसं अजून आहेत. त्यांनी एकदा फोर-के ब्लू-रे डिस्क विकत घेऊन बघावी.

ही डिस्क कॉम्प्युटरवर राजरोस लावायची तर प्रोसेसर इंटेलचाच हवा, आणि तोही सातव्या ते दहाव्या पिढीतला. त्यात ‘एसजीएक्स’ नावाची बंद खोली हवी. कशासाठी? तर डिस्कची किल्ली कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. कुणाच्या म्हणजे तुमच्याच. शिवाय मदरबोर्डची संमती हवी, मॉनिटरला एचडीसीपी २.२ समजायला हवं. एवढ्या कागदपत्रांत पासपोर्ट निघतो.

लोकांनी हेही जमवलं. मग इंटेलने काय केलं? अकराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून एसजीएक्स काढूनच टाकलं.

म्हणजे २०१७ सालचं मशीन पिक्चर दाखवतं, २०२२ सालचं हात वर करतं. अशा डिस्क चालवणारा अधिकृत प्लेअर विकणाऱ्या सायबरलिंकने मग गिऱ्हाइकांना सल्ला दिला: जुनाच प्रोसेसर ठेवा, विंडोज ११ च्या वाटेला जाऊ नका.

‘अपग्रेड करू नका’ म्हणणारी सॉफ्टवेअर कंपनी! हे पुण्य कुणाच्या नावावर लिहायचं?

आणि ती बंद खोली तरी अभेद्य होती का? २०१८ मध्ये ‘फोरशॅडो’, २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’. संशोधकांनी एसजीएक्सला भोकं पाडून दाखवायचा सपाटाच लावला होता.

बाहेरच्यांना आतलं दिसत होतं. मालकाला तेवढी बंदी.

डिस्क जाऊ द्या, आता सगळं ऑनलाइनच असतं, असं म्हणताय? नेटफ्लिक्सने २०१६ च्या अखेरीस कॉम्प्युटरवर फोर-के दिलं तेव्हा ब्राउझर फक्त एज आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा, अशी अट होती. ज्या एजवर लोक फक्त क्रोम डाउनलोड करायला जायचे, त्या एजला तेवढाच मान मिळाला.

आता प्रोजेक्टरची गंमत. कॉलेजचा हॉल, जुना व्हीजीए प्रोजेक्टर, रीतसर पैसे भरलेलं अकाउंट. आवाज खणखणीत, खाली सबटायटल्स हजर, मधला पडदा काळाकुट्ट. कारण व्हीजीएच्या वायरीला एचडीसीपीची खूण पटवता येत नाही. सर घामाघूम होतात, आणि वायर धरून उभा असलेला ऑपरेटर शांतपणे विचारतो, “सर, पेनड्राइव्हवर नाहीये का?”

त्याला सगळं कळलेलं असतं.

एचडीसीपी म्हणजे कॉम्प्युटर आणि पडदा यांच्यातला परवलीचा शब्द. शोध इंटेलचाच. त्याची मुख्य किल्ली २०१० मध्ये इंटरनेटवर जाहीर झाली आणि ती खरी असल्याचं इंटेललाही मान्य करावं लागलं. कुलूप काढलं का मग? छे! २.२ नंबरचं नवं आणलं. जुन्या मॉनिटरवाल्यांना सांगितलं, नवा घ्या.

सिनेमावाल्यांची भीती खोटी आहे असं नाही. शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी टेलिग्रामवर फिरतो, निर्मात्याच्या पोटात गोळा येणारच. पण ती कॉपी कुठून येते? थिएटरात मोबाइल धरून बसलेल्याकडून. तुमच्या घरच्या एचडीएमआय केबलचा त्यात काय दोष?

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे आपण ऐकून होतो. इथे संन्यासी सुळीचं मासिक भाडंही भरतो.

हा खेळ जुनाच आहे. डीव्हीडीच्या काळात जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका एकमध्ये, आपण पाचमध्ये. न्यू जर्सीच्या भाच्याने हौसेने आणलेली डीव्हीडी पुण्यात लागेना, त्यामागे हे राजकारण. ड्राइव्हचा विभाग बदलायची मुभा पाच वेळा, त्यानंतर कायमचं लग्न. आपल्या पाच नंबरात सोबतीला कोण? पाकिस्तान, रशिया आणि उत्तर कोरिया.

संयुक्त राष्ट्रांना जे जमलं नाही, ते हॉलिवूडने करून दाखवलं.

डीव्हीडीचं कुलूप १९९९ मध्ये फुटलं. त्या प्रकरणात नाव गाजलं जॉन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या नॉर्वेजियन पोराचं. लिनक्सवर डीव्हीडी लावता यावी, एवढंच निमित्त. पोलीस घरी आले, खटला चालला. २००३ मध्ये ओस्लोच्या कोर्टाने त्याला सोडलं, अपिलातही तो सुटला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघण्यात गुन्हा कसला, हे ठरवायला दोन कोर्टं लागली.

आपल्याकडे? २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. हेतूची अट घातली हे बरं केलं. अमेरिकेचा १९९८ चा कायदा एवढा समजूतदार नाही.

पण पैसे घेऊन डिस्क विकायची, ती ज्या खोलीत उघडते ती खोली चार पिढ्यांनी पाडून टाकायची आणि गिऱ्हाइकाला जुनं मशीन सांभाळत बसायला सांगायचं, याला किती वर्षं? ६५अ आणि ६५ब, दोन्ही वाचून झाली. त्यात गिऱ्हाइकाची सोय कुठे दिसली नाही.