आधी उतरायला शिकवा

क्लाइंबिंगच्या क्लासची चौकशी करताना आईबाप हमखास विचारतात, "किती उंच चढवता?" विचारायला हवं ते दुसरंच. "खाली कसं उतरवता?"

या प्रश्नाला जो प्रशिक्षक अडखळेल, त्याच्या भिंतीवर मूल पाठवू नका.

मुलांनी चढावं, याबद्दल वादच नाही. चढणं त्यांना शिकवावं लागत नाही. खिडकीचे गज, कपाटाचे कप्पे, आजोबांची पाठ, जिथं जमेल तिथं ती चढतात. शहरातल्या चढण्याच्या जागा मात्र आपण एकेक करून काढून घेतल्या. सोसायटीतल्या पेरूवर पाय ठेवला की वॉचमन ओरडतो. म्हणून छपराखालच्या कृत्रिम भिंती आल्या, हे बरंच झालं. पावसाळ्यात सह्याद्रीचा कातळ शेवाळतो, ही भिंत बारा महिने कोरडी असते.

खेळाला मानही मिळाला आहे. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय चढण्याचा, वर्ल्ड कप झाला. टोकिओत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. पॅरिसमध्ये २०२४ साली अमेरिकेचा सॅम वॉटसन १५ मीटरची भिंत ४.७४ सेकंदांत चढला. पण हा वेग वर्षानुवर्षांच्या सरावाचा आहे. तो पाहून सहा वर्षांच्या मुलासमोर घड्याळ धरणारे पालक आणि 'उद्याचे ऑलिंपियन' अशी जाहिरात करणारे क्लास, दोघेही मुलाचं नुकसान करतात.

आता उतरण्याविषयी. बोल्डरिंगच्या भिंतीला दोर नसतो. उंची साधारण चार-साडेचार मीटर, खाली जाड गाद्या. इथं पडणं हा खेळाचाच भाग आहे, म्हणून पडायला शिकवावं लागतं. दोन्ही पायांवर यायचं, गुडघे वाकवायचे, पाठीवर लोळायचं, हात छातीशी ठेवायचे. माणूस पडताना आपसूक हात मागे टेकतो आणि मनगट किंवा कोपर मोडून घेतो. ही सवय फूटभर उंचीवरून, हसतखेळत, पहिल्याच दिवशी मोडायला हवी. भिंतीवरच्या ज्या पकडी धरून चढलं, त्याच धरून पुन्हा खाली येण्याचा सरावही तेव्हापासूनच. आणि वर कुणी चढत असताना खालच्या गादीवर कुणीही बसायचं नाही. धाकटं भावंड नाही, फोटो काढणारे बाबाही नाहीत.

दोराच्या भिंतीवर गोष्ट वेगळी. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि कंबर बारीक. नुसत्या कमरेच्या हार्नेसमध्ये ते उलटं होऊ शकतं, पट्ट्यातून निसटूही शकतं. त्याला छाती आणि खांद्यांवरूनही धरणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. क्लासकडे तो नसेल तर तिथूनच परत फिरा. दोर बांधल्यावर गाठ आणि हार्नेसची बकलं दुसरं माणूस तपासतं का, हेही डोळ्यांनी पाहा.

खरी भीती टोकाला पोहोचल्यावर लागते. तिथं हात सोडायचे, मागे रेलायचं आणि दोरावर बसायचं असतं. चढताना न डगमगलेली मुलं इथं पकडींना घट्ट बिलगून रडू लागतात. ती रडतात यात नवल काय? दोर आपलं वजन पेलतो, हे त्यांनी अजून अनुभवलेलंच नसतं. चांगला शिक्षक जमिनीपासून मीटरभरावरच मुलाला दोरावर बसवतो, हात सोडायला लावतो, झुलू देतो. विश्वास बसला की मगच वर पाठवतो.

आता पालकांविषयी. मूल म्हणतं, "मला खाली घ्या." खालून आवाज येतो, "अजून एकच! घाबरतोस काय? ती बघ, तुझ्याहून लहान आहे!" हे बंद करा. 'खाली घ्या' हे पहिल्यांदा ऐकल्याबरोबर पाळायचं असतं. आपल्या ताकदीचा अंदाज घेणं आणि तो मोठ्यानं सांगणं, हेच तर मुलानं इथं शिकायचं. ज्याचं ऐकलं जात नाही ते मूल भीती लपवायला शिकतं. मोठं होऊन ते सह्याद्रीतल्या ड्यूक्स नोजच्या कड्यावर किंवा लिंगाण्याच्या सुळक्यावर गेलं, तर भीती लपवणारा तो जोडीदार दोराच्या दोन्ही टोकांना धोका ठरतो.

बोटांचीही काळजी घ्या. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढपट्टी असते. बारीक कडांवर बोटांच्या टोकांनी वारंवार लटकलं की ती तडकू शकते. भराभर उंची वाढण्याच्या वयात हा धोका सर्वांत जास्त. म्हणून लहानांना मोठ्या पकडी, पायांचं काम आणि भरपूर खेळ द्या. लटकण्याच्या फळ्या त्यांच्यासाठी नाहीत. बोटाचं पेर दुखलं तर क्लास थांबवा, डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला पायात बसणारे साधे बूट पुरतात. बोटं मुडपणारे घट्ट बूट घेऊन वाढती पावलं आवळू नका.

पहिल्या दिवशी टोकावरचा फोटो मागू नका. मूल निम्म्यावर गेलं, आज इतकंच असं त्यानं स्वतः ठरवलं आणि नीट उतरून आलं, तर त्या दिवशीचा धडा पूर्ण झाला. शाबासकी तेव्हाच द्या, तीही सगळ्यांसमोर.