चष्मा, एकशे ऐंशी!

माझं चरित्र लिहायची कुणाला दुर्बुद्धी झालीच, तर त्याने माझ्या डायऱ्या चाळू नयेत. आमच्या पेठेतल्या मिसळीच्या हॉटेलातल्या मामांना गाठावं.

मामा म्हणजे तिथले वेटर. त्यांच्या कानावर पेन्सिल असे, पण ती कान खाजवायला. बिल कागदावर लिहिणं म्हणजे आपल्या डोक्याचा अपमान, असं त्यांचं मत. एका टेबलावर चार अनोळखी माणसं दाटीवाटीने बसलेली. एकाची मिसळ, दुसऱ्याची मिसळ आणि जादा स्लाइस, तिसऱ्याचा नुसता चहा, चौथा कुणाची तरी वाट बघतोय. अशी सात टेबलं. तुम्ही उठून, हात धुऊन गल्ल्यापाशी पोचेपर्यंत आतून आरोळी यायची, ‘‘टोपी, बारा! कोपरा, साडेसात! छत्री, नुसता चहा!’’ मालक मान वर न करता पैसे घ्यायचे. त्यांना टोपी दिसायची, टोपीखालचा माणूस दिसण्याची गरज नव्हती.

मी 1986 साली कॉलेजसाठी पुण्यात आलो, तेव्हा ‘‘हिरवा शर्ट, साडेतीन!’’ होतो. माझ्याकडे शर्ट दोनच होते, त्यामुळे एक दिवसाआड मी ‘‘चौकडा’’ही असायचो. 1993 साली लग्न झालं आणि मी ‘‘जोडी’’ झालो. मामांनी त्या दिवसापासून मला अहो-जाहो सुरू केलं. सासऱ्यांनीसुद्धा इतक्या चटकन केलं नव्हतं. मग ‘‘दोन मोठे, एक लहान’’. मग बरीच वर्षं ‘‘चष्मा’’. आणि एका रविवारी मी हात पुसत गल्ल्याशी उभा असताना आरोळी आली, ‘‘टक्कल, एकशे ऐंशी!’’

मी मागे वळून पाहिलं. मागे एक दाट केसांचा मुलगा उभा होता. मी त्याच्याही मागे पाहिलं.

‘‘तुम्हालाच म्हणतायत,’’ बायको म्हणाली. ‘‘द्या लवकर, रांग खोळंबलीय.’’

या हॉटेलात सेवा नावाचा प्रकार नव्हता, असं कुणी म्हणेल. मला ते मान्य नाही. ओल्या फडक्याने टेबल पुसून पाणी तुमच्या मांडीवर लोटलं जाई, म्हणजे तुमची दखल घेतली गेली. पाण्याचे चार ग्लास एका हातात धरून येत, त्यातला अंगठ्याचा ग्लास आपल्यासमोर येऊ नये एवढीच काळजी गिऱ्हाइकाने घ्यायची. भिंतीवर पाटी होती : ‘मिसळीबरोबर सँपल एकदाच मिळेल. पुन्हा मागून स्वतःचा पाणउतारा करून घेऊ नये.’ मी आयुष्यात एकदाच तक्रार केली. म्हटलं, ‘‘मामा, आज मिसळ जरा अळणी वाटतेय.’’

‘‘जीभ दाखव,’’ मामा म्हणाले.

मी दाखवली. भर हॉटेलात.

‘‘काल पानात चुना जास्त झालाय,’’ असं निदान करून ते पुढच्या टेबलाकडे गेले. खरं सांगायचं तर झाला होता.

अशा शिस्तीत वाढलेल्या आम्हा दोघांना मुलाने लग्नाच्या वाढदिवसाला एका नव्या, नाव घेण्यासारख्या (पण घेत नाही) रेस्टॉरंटात नेलं. तिथे दिवे इतके मंद, की मेन्यूकार्ड बायकोने मोबाइलच्या बॅटरीवर वाचलं आणि ‘पिठलं – 420’ वाचून बॅटरी लगेच बंद केली. ‘‘पाणी रेग्युलर की बॉटल?’’ या प्रश्नाने सुरुवात झाली. ‘रेग्युलर’ म्हणताना आपण आपली सगळी मिळकत जाहीर करतोय असं वाटतं.

पिठलं आलं. तांब्याच्या इवल्याशा हंडीत, वर कसलंसं एक कोवळं पान. पहिला घास तोंडात असतानाच काळ्या कपड्यांतला तरुण वाकून म्हणाला, ‘‘इज एव्हरीथिंग ऑलराइट, सर?’’

मी भरल्या तोंडाने ‘‘व्हेरी नाइस’’ म्हटलं. आमच्या घराण्यात जेवणाला नावं घरी पोचल्यावर ठेवतात. बायको मात्र ताटाकडे बघत पुटपुटली, ‘‘गुठळ्या आहेत पिठल्यात.’’

तरुण आणखी थोडा वाकला. ‘‘रोजच असतात, काकू.’’

तो जतचा निघाला. मग बायकोने त्याला आधी बेसन पाण्यात कसं कालवून घ्यायचं ते सांगितलं, त्याने आई हाटून कसं करते ते सांगितलं, आणि आमचं पिठलं गार झालं.

बिल आलं. जेवण 2,400, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 240, आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी 132. एकूण 2,772. मुलगा कार्ड काढणार, तोच बायकोने चष्मा लावला. ती पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय, की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात घालायचा नाही. द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार. दिल्ली उच्च न्यायालयानेही 2025 मध्ये प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. हे तिने मॅनेजरला उच्च न्यायालयापेक्षाही सावकाश आवाजात समजावलं. मुलगा टेबलाखाली बूट शोधू लागला. बूट त्याच्या पायातच होते.

बिल 2,520 होऊन परत आलं. ‘‘252 वाचले,’’ ती म्हणाली. ‘‘पावणेतीन मिसळी.’’ मग त्यातले दोनशे काढून तिने जतच्या मुलाच्या हातात ठेवले. उरलेल्या अर्ध्या मिसळीचा हिशेब अजून लागलेला नाही. जाताना एक कार्ड भरून घेतलं : जेवण कसं वाटलं, सेवा कशी वाटली, जन्मतारीख काय. मी सगळीकडे ‘उत्तम’वर खूण केली. जन्मतारखेपुढेही.

पुढच्या रविवारी पेठेत गेलो. मामा आता गावी गेलेत, कायमचे. आरोळ्या बंद आहेत. गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी आहे आणि शेजारी एक डबा, तो अमिताभ बच्चनच्या आवाजात बोलतो. मी दोन मिसळींचे पैसे भरले. डबा धीरगंभीरपणे म्हणाला, एक सौ अस्सी रुपये. अमिताभने आजवर इतकी कमी रक्कम इतक्या भारदस्तपणे कधी उच्चारली नसेल.

मालकांनी मान वर केली नाही. रांगेत सहा-सात जण फोन पुढे करून उभे. ‘‘कुणाचे हे?’’ त्यांनी विचारलं.

कुणीच बोलेना. आतून आवाज येईल म्हणून मी क्षणभर थांबलो.

‘‘टक्कल!’’ मी ओरडलो.

मालकांनी बडीशेपेची वाटी पुढे सरकवली.