दहा ते अकरा, ऊन असल्यास

निवृत्त झाल्यावर मी पहिलं काम केलं ते माळ्याला रजा देण्याचं. गवत कापायचं यंत्र आणलं. विजेवर चालणारं, सोबत दहा मीटर वायर. आमच्या बंगल्यापुढचं लॉन म्हणजे खरं तर साधी हरळी. ती मुकाट्याने कापायची सोडून मी तिचा अभ्यास आरंभला. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कामाआधी टिपण लागतंच.

टिपणाचा गोषवारा असा. सकाळी लवकर कापू नये. दवाने ओली पाती नीट तुटत नाहीत, फाटतात, आणि यंत्राच्या पोटाला शेणासारखी चिकटतात. भर दुपारी कापलं तर टोकं करपतात. संध्याकाळी कापलं तर रात्रभर ओल राहून बुरशी धरते. आदल्या दिवशी पाऊस नको, काळ्या मातीत चाकं रुततात. शिवाय एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटायचं नाही. उरलं काय? सकाळी दहा ते अकरा, कोरड्या दिवशी. पुण्यात. जुलैमध्ये.

पुनर्वसूचा तरणा पाऊस गेला, पुष्याचा म्हातारा आला, आणि म्हातारा उठायचं नाव घेईना. मोबाइल म्हणे, ‘अंशतः ढगाळ’. आईने पंचांग उघडलं. “नक्षत्राचं वाहन म्हैस आहे. डुंबणार!” म्हैस जिंकली. गवत घोट्यावरून पोटरीला आलं. एक तृतीयांश मोजायला मी फूटपट्टी घेऊन लॉनवर उकिडवा बसलो होतो, ते नेमकं शेजाऱ्यांनी पाहिलं.

श्रावणात एकदा धीर सुटला. ऊन पडलं, यंत्र काढलं, चार फूट गेलो आणि सर कोसळली. वायर ओल्या गवतात लोळतेय आणि मी बगळ्यासारखा एका पायावर! बायकोने धावत जाऊन मेन स्विच पाडला. नंतर ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

शेवटी हरतालिकेला तो दिवस उगवला. लख्ख ऊन, दव सुकलेलं, दहा वाजून पाच मिनिटं. पुन्हा असा मुहूर्त मिळेल न मिळेल, म्हणून एक तृतीयांश गुंडाळून ठेवला आणि सगळं भुईसपाट केलं. फक्त कुंपणालगतची वीतभर पट्टी राहिली. वायर पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई परडी घेऊन दारात उभी. “अरे, दूर्वा कुठायत?”

हरळी म्हणजेच दूर्वा, ही बाब तीन महिन्यांच्या टिपणात कुठेच आली नव्हती. आत चौरंगावर गणपती, आणि बाहेर माझं नुकतंच दाढी केलेलं लॉन. मी काही न बोलता कुंपणाकडे बोट दाखवलं. तीन-तीन पानांच्या एकवीस कोवळ्या काड्या तिथे कशाबशा निघाल्या.

आरतीला जमलेल्या शेजारणींना आई सांगत होती, “देवासाठी म्हणून तेवढं मुद्दाम राखलंन् हो त्याने.”

मी झांजा जरा जोरात वाजवल्या.