आठ पायऱ्यांत आयटी मॅनेजर

ही मार्गदर्शिका दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिल्या प्रकाराला कोड लिहिता येतो, पण आयुष्यभर तेच करायचं या विचाराने पोटात गोळा येतो. दुसऱ्याला कोड लिहिता येत नाही, पण लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत ‘किती वेळ लागेल?’ असं विचारायला मनापासून आवडतं. एमबीएच्या आयटी शाखेत हे दोघं एकाच बाकावर बसतात. पायऱ्या क्रमाने चढाव्यात, एकही गाळू नये. का, ते सातवीवर कळेल.

पायरी पहिली : घरच्यांना सांगणे

वडील विचारतील, ‘इंजिनीअर झालास ना? मग आणखी दोन वर्षं कसली?’ सांगावं, ‘बाबा, कॉम्प्युटरवाले आणि धंदेवाले यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. मी मधला माणूस होणार.’ वडील म्हणतील, ‘म्हणजे दलाल.’ वाद घालू नये. दोन वर्षांत याहून नेमकी व्याख्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

पायरी दुसरी : सीईटी देणे

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना तिसरा पर्याय ठोकून द्यायचा, अशी परंपरा आहे. अपुऱ्या माहितीवर, दिलेल्या वेळेत, चेहरा शांत ठेवून निर्णय घेणे हा व्यवस्थापनाचा पहिला धडा इथेच होतो. सिम्बायोसिसच्या ‘स्नॅप’मध्ये मात्र हा प्रयोग करू नये. तिथे चुकीला पाव गुण जातो. हा दुसरा धडा. पुढे त्याला ‘रिस्क मॅनेजमेंट’ म्हणतात.

पायरी तिसरी : गळका नळ

पहिल्याच सत्रात ‘आयटिल’ नावाची चौकट भेटेल. १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने आपल्या खात्यांतला संगणकांचा कारभार शिस्तीत आणायला ती उभी केली. पाठ करू नका, घरातला नळ आठवा. नळ गळतोय म्हणून खाली बादली लावणं, हे इन्सिडंट मॅनेजमेंट. वायसर झिजलाय हे शोधून काढणं, हे प्रॉब्लेम मॅनेजमेंट. वायसर बदलायला पाणी कधी बंद ठेवायचं, यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंजुरी घेणं, हे चेंज मॅनेजमेंट. बहुतेक कंपन्या वर्षानुवर्षं बादल्याच बदलत असतात, आणि दर महिन्याला किती बादल्या भरल्या याचा रंगीत आलेख काढतात. तो आलेख तुम्हाला काढावा लागेल.

पायरी चौथी : रकाने आखणे

‘रेसी’ नावाचा तक्ता शिकवतील. प्रत्येक कामासमोर चार रकाने : काम कोण करणार, जबाब कोण देणार, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि नुसतं कळवायचं कोणाला. वर्गात हे कोणालाच कळत नाही, कारण उदाहरण परदेशी बँकेचं असतं. घरचं लग्न घ्या. धावपळ धाकटा मामा करतो. बिघडलं तर जबाब मुलीच्या वडिलांना द्यावा लागतो. सल्ला आत्याचा घ्यायचा असतो. शेजाऱ्यांना पत्रिका पोचली की पुरे. आता आत्याला सल्ल्याच्या रकान्यातून उचलून कळवण्याच्या रकान्यात टाकून बघा. मांडव उभा राहतो, पण लग्न पार पडत नाही. मोठमोठे प्रकल्प असेच एखाद्या आत्यापायी बसलेत.

पायरी पाचवी : माणसं न वाढवणे

प्रकल्प रखडला की साहेब म्हणतात, ‘आणखी चार पोरं घ्या.’ फ्रेडरिक ब्रूक्स या गृहस्थाने आयबीएममध्ये ‘ओएस/३६०’ या अवाढव्य प्रणालीचं काम सांभाळलं आणि १९७५ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की उशीर झालेल्या कामात माणसं घातली की ते आणखी उशिरा होतं. होळीच्या दिवशी पुरण वाटून झालंय, तवा एकच आहे आणि पाहुणे दारात आहेत, अशा वेळी चार शेजारणींना मदतीला बोलवा. पहिला अर्धा तास पुरणात जायफळ किती घातलंय हे समजावण्यात जातो.

यावर उपाय म्हणून ‘अजाइल’ येतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी त्याचा छोटासा जाहीरनामा केला. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात जास्त मोल दिलंय. कॉलेजात त्यावर चाळीस पानी असाइनमेंट असते. स्पायरल बाइंडिंग सक्तीचं.

पायरी सहावी : वही बघणे

समर इंटर्नशिप साधारण दोन महिन्यांची. कंपनी भोसरीत किंवा चाकणला, सुट्या भागांची. विषय ‘इन्व्हेंटरी सिस्टिमचा अभ्यास’. स्क्रीनवर बेअरिंग ३४० दिसतील. स्टोअरमध्ये मोजलीत तर ३१२ भरतील. तुम्ही आनंदाने रिपोर्टात ‘डेटा इंटिग्रिटी इश्यू’ लिहाल आणि ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ अशी शिफारस टाइप करायला घ्याल.

थांबा. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांकडे जा. चहा विचारतील, घ्या. मग ते टेबलाच्या खणातून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढतील. त्यात ती २८ बेअरिंग सापडतील : ‘गंज. परत धाडायचे. १४ तारखेपासून पडून.’

‘काका, हे सिस्टिममध्ये का नाही टाकलं?’

‘टाकू कुठं? एक तर ‘आलं’ आहे, नाहीतर ‘गेलं’ आहे. ‘पडलंय’ असं बटणच नाही.’

टाइप केलेली शिफारस पुसा. ज्याने ती स्क्रीन बनवली त्याला आलं-गेलं एवढंच कोणीतरी केबिनमधून सांगितलं होतं. तो स्टोअरपर्यंत आलाच नव्हता. काकांना प्रशिक्षणाची गरज नाही, त्याला आहे. हे रिपोर्टात लिहिताना भाषा मात्र सौम्य ठेवावी, कारण तो आता तुमचा गाइड आहे.

पायरी सातवी : फजित्या वाचणे

दुसऱ्या वर्षी केस स्टडी. हर्षी ही अमेरिकेतली चॉकलेटवाली कंपनी. १९९९ मध्ये तिने नवी संगणक व्यवस्था घाईने सुरू केली, तीही हॅलोविनच्या तोंडावर, म्हणजे आपल्याकडे वसुबारसेच्या आदल्या दिवशी फराळाच्या दुकानात काउंटर हलवावा तशी. सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी अडकल्या. माल गोदामात होता; स्क्रीनला त्याचा पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट शेअरबाजारातल्या नाइट कॅपिटलची. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवर चढला. आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड झोपला होता. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला आणि तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. आठही झाले का, हे दुसऱ्या कोणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता. तुमच्या काकांनी वहीत आठ ओळी आखून आठ खुणा केल्या असत्या, आणि आठवी राहिली असती तर डबा उघडला नसता.

पायरी आठवी : परत जाणे

प्लेसमेंट होईल. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबलेली असताना तुम्ही फोनवर ‘आपण वेळेत पोचतोय’ असं प्रकल्पाबद्दल सांगाल. एक दिवस तुमची स्वतःची स्क्रीन तयार होईल. ती साहेबांना दाखवण्याआधी तिथल्या काकांना दाखवा. काका सगळीकडे असतात : बँकेत, तहसील कचेरीत, एसटीच्या डेपोत. त्यांच्या हातात माउस द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. बोट जिथे हवेत थांबेल तिथे तुमचं काम राहिलंय. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा जुळत नाही म्हणून रांगेत ताटकळणारी आजी आठवा. निंदणी-खुरपणीत तिच्या रेषा झिजल्यात. तिच्याकडे अंगठा आहे, कार्ड आहे, भूकही आहे. झिजलेल्या अंगठ्याचा रकाना आखायला मात्र कोणी तिच्यापर्यंत गेलं नव्हतं.

तर ‘पडलंय’ हे बटण बनवा. काका चष्मा वर करून ते दाबतील. चालेल. मग खण उघडून वहीतही तीच नोंद करतील.

‘काका, आता वही कशाला?’

‘लाइट गेली तर?’

वाईट वाटून घेऊ नका. रिपोर्टात ‘बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन’ असं शीर्षक द्या आणि खाली लिहा : वही, खणात.