खडानखडा

निवडणूक लागली की नेपानगरजवळच्या आमच्या चांदनीत काका रुळांच्या कडेला खडे वेचत फिरतात. खिसा भरला की टपरीवर येऊन बाकावर मांडामांड. "हा चपटा म्हणजे केळीवाले, हा काळा मिलवाले. हा गोल कुठंही घरंगळतो, हे आपले चांदनीकर."

काका नेपानगरच्या कागद मिलमधून निवृत्त. न्यूजप्रिंटचा 'ने' आणि पेपरचा 'पा' जोडून झालेलं हे नेपा. मिल 1956 साली नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. काकांचं म्हणणं, पेपरात आलेला प्रत्येक निवडणूक अंदाज आधी त्यांच्या हाताखालून गेलाय. कोरा होता, एवढंच.

टीव्हीवर 'सेफॉलॉजिस्ट' हा शब्द ऐकून त्यांनी अर्थ लावला: सेफ सीट कुठली ते सांगणारा. दोन निवडणुका तो अर्थ टपरीवर चालला. शेवटी मला राहवेना. म्हटलं, काका, त्यात सेफबिफ काही नाही. ग्रीकात 'प्सेफॉस' म्हणजे खडा. अथेन्सची माणसं खडे टाकून कौल द्यायची, म्हणून 1948 साली ऑक्सफर्डच्या हार्डी नावाच्या प्राध्यापकानं हा शब्द घडवला.

वाटलं, काका ओशाळतील. ते उलट फुलले. "म्हंजे 30 वर्षं मी बरोबरच करून राह्यलो! आन् तो सुरुवातीचा 'पी' कुठं गेला?"

"लिहायचा. बोलायचा नाही."

"मतदारच तो. यादीत असतो, बोलत नाही."

यावर माझ्या व्युत्पत्तीकडे उत्तर नव्हतं.

काकांकडे माहिती खडानखडा असते. निकाल मात्र भलताच लागतो आणि संध्याकाळी सगळी टपरी त्यांच्या नावानं खडे फोडते. त्याचंही कारण त्यांना सापडलंय. मे 2021 मध्ये पुष्पक एक्स्प्रेस आमच्या स्टेशनातून न थांबता भरधाव गेली आणि तिच्या हादऱ्यानं इमारतीचा दर्शनी भाग कोसळला. "लाटेचं तसंच असते रे भाऊ. आपल्याकडे थांबत नाही, पण पाडून जाते."

चांदनीला गाडी थांबलीच, तर चहाला जरूर या. फक्त बसण्याआधी बाक नीट बघा. गेल्या खेपेस एक पाहुणे अख्ख्या खकनार तालुक्यावर बसले होते.