शी समजून किम जाळला

सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांनी परवा सकाळी साडेसहाला, म्हणजे गुलाबाचं फूल आणि सुविचार यांच्या मधल्या वेळेत, शी जिनपिंग यांच्यावरचं एक मीम टाकलं. त्यांची नात सध्या मेलबर्नला शिकते. तिथून तिचं उत्तर आलं, "आजोबा, हे रेसिस्ट आहे." काका उसळले. "चीनच्या अध्यक्षाची टिंगल करायलाही आता परवानगी घ्यायची का?"

परवानगी चीनमध्ये लागते, आणि मिळत नाही. 2013 साली शी कॅलिफोर्नियात ओबामांबरोबर चालताना दिसले. कुणीतरी त्या फोटोशेजारी विनी द पू हे गोलमटोल अस्वल आणि त्याचा उंच दोस्त टिगर वाघ यांचं चित्र लावलं. पुढच्या वर्षी जपानच्या शिंझो आबेंशी पडेल चेहऱ्यानं हस्तांदोलन झालं, तेव्हा आबेंच्या वाट्याला ईयोर हे रडवेलं गाढव आलं. 2015 च्या संचलनात शी मोटारीच्या छतातून वर आले, तर पू खेळण्यातल्या मोटारीतून. हा सगळा उद्योग चिनी नेटकऱ्यांचाच. मग यात वंशद्वेष कुणाचा आणि कुणाशी? 2017 मध्ये चिनी समाजमाध्यमांवरून अस्वलाची उचलबांगडी झाली, ती काही वंशाच्या अब्रूपायी नव्हे. गादीवरच्या माणसालाही पोट असतं, हे रयतेनं एकमेकांना दाखवू नये, एवढंच.

काकांच्या मीममध्ये मात्र अस्वल नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, पुढ्यात वटवाघळाचं सूप आणि वर 'चिंग चांग चुंग', ज्याला काका मँडरिन समजतात.

आता यात शी कुठे आहेत? या गृहस्थांनी 2018 मध्ये अध्यक्षपदाची मुदतमर्यादा घटनेतूनच उडवली. शिनजियांगमध्ये उइघुरांना छावण्यांत डांबलं. हाँगकाँगचा आवाज बंद केला. टिंगलीसाठी एवढा ऐवज पडलेला असताना काकांना सापडले ते डोळे! त्या चित्रात शींच्या जागी आमच्या नाक्यावरच्या मोमोवाल्याचं तोंड चिकटवलं, तरी विनोदाचा कानामात्रा बदलत नाही. पूच्या मीमचं तसं होत नाही. तिथे शीच लागतात.

कुणाचाही चेहरा चालवून घेण्याच्या या कलेचा कळस 2020 च्या जूनमध्ये आसनसोलला गाठला गेला. गलवानमध्ये आपले 20 जवान हुतात्मा झालेले, लोक चिडलेले. काही कार्यकर्ते चीनच्या 'पंतप्रधानां'चा पुतळा जाळायला निघाले, आणि नाव घेतलं किम जोंग उन यांचं. किम उत्तर कोरियाचे. गलवानशी त्यांचा संबंध काकांचा मँडरिनशी आहे तेवढाच. त्याआधी दोनच महिने मुंबईत, सांताक्रूझला, एका मणिपुरी तरुणीवर एक दुचाकीस्वार थुंकून पसार झाला होता. त्यालाही चेहऱ्यात चीन दिसला असावा. यावर मीम निघाल्याचं ऐकिवात नाही.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" हा काकांचा पुढचा मुद्दा. काकांच्या मनाला काय लागतं ते मला ठाऊक आहे. 2014 च्या सप्टेंबरात आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि न्यूयॉर्क टाइम्सनं व्यंगचित्र छापलं: बड्यांच्या अंतराळ क्लबाचं दार फेटेवाला शेतकरी ठोठावतोय, सोबत गाय. काकांनी त्या दिवशी तीन पत्रं लिहिली, त्यांतलं एक इंग्रजीत. टाइम्सनं दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा पेढे वाटले. 2022 मध्ये बार्सिलोनाच्या एका वृत्तपत्रानं भारताची वाढती अर्थव्यवस्था दाखवायला गारुडी काढला. तेव्हा तर काकांना 'रेसिस्ट' या शब्दाचं स्पेलिंगसुद्धा येत होतं.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. उत्तरादाखल तीन अंगठे आले, एकदा जोडलेले हात आले आणि पाण्याच्या टाकीची चौकशी आली. मीम अजून तिथेच आहे. नात ग्रुपमधून बाहेर पडली.

मोमोवाला दार्जिलिंगचा आहे. काका त्याला 'ए चिनी' म्हणून हाक मारतात. तो "बोला काका" म्हणतो आणि मागच्या महिन्याच्या उधारीची आठवण मराठीत करून देतो.